नावातला इंडिया

बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिज गावात माझा पुतण्या राहतो. २०२२ सालच्या ऑक्टोबरमध्ये आम्ही उभयता महिनाभर त्याच्याकडे होतो. एका संध्याकाळी त्यानं फ्रीजमधून एक उंच डबा काढला, काचेचे दोन पेले मांडले आणि म्हणाला, “काका, जन्मभर इतिहास शिकवलात ना? मग हे वाचा.” डब्यावर लिहिलं होतं, ‘डबल इंडिया पेल एल’. खाली बारीक अक्षरांत, अल्कोहोल आठ टक्के. बनवण्याचं ठिकाण व्हरमाँट, म्हणजे त्याच्या घरापासून मोटारीनं तीनेक तासांवरचं डोंगराळ राज्य.

त्यानं ती बिअर पेल्यात ओतली आणि मला वाटलं, खराब झालेली दिसते. आपल्या डोळ्यांना बिअर म्हणजे सोनेरी, आरपार दिसणारी अशी सवय. ही गढूळ, थेट संत्र्याच्या रसासारखी. पण पेला नाकाशी नेला आणि गप्प झालो. पिकलेला पेरू, हापूसच्या देठाजवळचा चीक, संत्र्याची साल सोलताना उडतो तो फवारा आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी ओल्या गवताचा वास. पहिला घोट जिभेवर मऊ, जवळजवळ दाट लागला. कडूपणा नंतर आला, मोसंबीच्या फोडीवरचं पांढरं साल चुकून चावलं जावं तसा, आणि तो बराच वेळ रेंगाळला. आठ टक्के अल्कोहोल म्हणजे आपल्याकडच्या ‘स्ट्राँग’ बिअरइतकंच. पण तिथे ते घशाला लागतं, इथे लपून बसलं होतं. अर्धा पेला संपल्यावर कानाच्या पाळ्या गरम झाल्या तेव्हा कुठे त्याचा पत्ता लागला.

आमच्या सौभाग्यवती यातल्या नव्हेत. त्यांनी नुसता वास घेतला आणि निकाल दिला, “यात आंब्याचा रस घातलाय.” पुतण्या हसला. “काकू, फळाचा एक थेंब नाही. पाणी, धान्य, हॉप्स आणि यीस्ट. बस्स.”

मग त्यानं खरा प्रश्न विचारला. पाणी व्हरमाँटचं, जव आणि ओट्स अमेरिकेतले, हॉप्स वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यातले. मग काका, यात इंडिया कुठे आहे?

मला उत्तर येत होतं. निदान मी तसं समजत होतो. ईस्ट इंडिया कंपनीचा काळ शिकवताना पंचवीस वर्षं मी वर्गात एक गोष्ट सांगत आलो. हिंदुस्थानात गोऱ्या सैनिकांना बिअर हवी असे. इथल्या उष्ण हवेत ती बनवता येत नसे आणि इंग्लंडहून आणावी तर वाटेतच आंबून जाई. तेव्हा लंडनच्या जॉर्ज हॉजसन नावाच्या माणसानं युक्ती काढली. अल्कोहोल वाढवलं, हॉप्स भरपूर घातले, आणि खास हिंदुस्थानसाठी नवी बिअर निर्माण केली. मुलांना ही गोष्ट फार आवडे. मागच्या बाकावरची मुलंही तेवढ्यापुरती जागी होत.

ती गोष्ट बऱ्याच अंशी चुकीची आहे. पुतण्याला तीच सांगितली तेव्हा त्यानं निमूटपणे मार्टिन कॉर्नेल या इंग्लिश अभ्यासकाचं लेखन पुढे ठेवलं. या गृहस्थांनी जुनी वर्तमानपत्रं, जाहिराती आणि व्यापाऱ्यांची कागदपत्रं चाळून या दंतकथेचा एकेक टाका उसवला आहे. परतल्यावर मी ते सगळं नीट वाचून काढलं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे ऐकत असेल तर त्यांनी आपल्या वहीत दुरुस्ती करून घ्यावी.

आधी शब्दांचा उलगडा करू. एल हा बिअरचा जुना इंग्रजी प्रकार, आणि पेल म्हणजे फिकट. जवाला मोड आणून ते भट्टीत वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. लाकडाच्या धगीवर माल्ट करपून काळपट होई. सतराव्या शतकात दगडी कोळशापासून केलेला कोक वापरात आला, आच ताब्यात राहू लागली आणि फिकट माल्ट मिळू लागलं. हॉप्स ही एका वेलीची फुलं. वेल भांगेच्या कुळातली, पण नशेचा गुण तिच्यात नाही. तिच्यात कडूपणा आहे, सुगंध आहे आणि बिअर नासवणाऱ्या जंतूंना आवरण्याची ताकद आहे. लांबच्या आणि उष्ण मुलखात पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालावेत, हे इंग्लंडातल्या बिअर बनवणाऱ्यांना अठराव्या शतकातच ठाऊक होतं. त्यासाठी कुणी संशोधक जन्माला यावा लागला नाही.

जॉर्ज हॉजसननं १७५२ साली पूर्व लंडनमध्ये बो या ठिकाणी आपला धंदा सुरू केला. त्याचं भाग्य त्याच्या कृतीत नव्हतं, पत्त्यात होतं. कंपनीची जहाजं ब्लॅकवॉलला नांगर टाकत आणि हॉजसनचा कारखाना तिथून नदीच्या वाटेनं जवळ. या जहाजांच्या कप्तानांना स्वतःचा खासगी व्यापार करण्याची मुभा होती. ते हॉजसनकडून माल उचलत आणि हॉजसन त्यांना लांब मुदतीची उधारी देत असे. हिंदुस्थानात माल विकून परत आल्यावर पैसे द्या, असा तो मामला. एका नव्या पेयाचा शोध म्हणून आपण जे सांगत होतो, ते मुळात उधारीचं खातं होतं. पेल एल त्याच्या आधीही होती, आणि इकडे येणारी बिअर तीच एक नव्हती. काळी पोर्टर बिअरही तोच प्रवास करून धडपणे पोहोचत असे. सामान्य शिपाई मुख्यतः ती पोर्टरच पीत. पेल एल हे अंमलदारांचं आणि व्यापाऱ्यांचं पेय. आणि ती काही फार कडक नव्हती. साडेसहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, त्या काळच्या मानानं मध्यमच.

मग खास असं काय होतं? प्रवास. चार ते सहा महिने ही लाकडी पिंपं जहाजाच्या पोटात हिंदकळत. विषुववृत्त एकदा जाताना ओलांडायचं, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घातला की पुन्हा एकदा. थंडी, उकाडा, पुन्हा गारवा, पुन्हा उकाडा. इंग्लंडातल्या तळघरात जी बिअर मुरायला वर्ष-दोन वर्षं लागत, ती या धक्क्यांनी काही महिन्यांतच मुरे आणि मुंबई-कलकत्त्याला उतरे तेव्हा स्वच्छ, फसफसणारी, चवीला बसलेली असे. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. समुद्रानं केलं.

मुंबईत ती धक्क्याला लागल्यानंतरची कथा मात्र त्या इंग्रजी पुस्तकांत क्वचितच सापडते. पिंपं उतरवणारे हमाल त्यांत नाहीत. साहेबाच्या घरी आबदार म्हणून एक नोकर असे. पेयं गार करणं हे त्याचं काम. पाण्यात सोरा विरघळला की पाणी थंड पडतं, त्या पाण्यात बाटली फिरवत तो बसे. रसायनशास्त्र न शिकलेला तो रसायनतज्ज्ञच म्हणायचा. आणि साहेबानं रिकाम्या केलेल्या बाटल्यांचं काय होई? त्यांचाही व्यापार होता. सर जमशेटजी जीजीभॉय पुढे केवढे मोठे झाले, पण त्यांची सुरुवात जुन्या बाटल्यांच्या धंद्यातली, आणि ‘बाटलीवाला’ हे नाव त्यांना चिकटलं होतं. त्या बाटल्यांत बिअरच्या किती आणि वाइनच्या किती याचा हिशेब लागायचा नाही. पण पारशी समाजातली बाटलीवाला, दारूवाला ही आडनावं याच बाजारातून आली.

इथे एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. पुतण्याच्या घराजवळ फ्रेश पाँड नावाचं तळं आहे. रोज सकाळी मी त्याच्या काठानं फिरायला जात असे. एके दिवशी तिथली माहिती वाचताना लक्षात आलं, की फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी याच तळ्यातला बर्फ हिवाळ्यात करवतीनं कापून जगभर विकत होता. १८३३ साली त्याचं ‘टस्कनी’ जहाज बर्फ घेऊन बॉस्टनहून निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोहोचलं. निघताना सुमारे १८० टन बर्फ होता, उतरला तेव्हा शंभरेक टन शिल्लक होता. लवकरच असा अमेरिकी बर्फ मुंबईलाही येऊ लागला आणि तो साठवायला गोदीजवळ घुमटाचं बर्फघर उभं राहिलं. जमशेटजींनी एका मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि यजमान-पाहुणे सगळे सर्दीनं आडवे झाले, ही गोष्ट मुंबईत अजून सांगतात. आबदाराचा सोरा मागे पडला. लंडनची बिअर, बॉस्टनचा बर्फ आणि मुंबईचा उकाडा एका पेल्यात भेटले. मी मात्र त्या तळ्याच्या काठी उभा राहून नुसती बदकं मोजत होतो!

हॉजसनच्या वारसांना पुढे हाव सुटली. उधारी बंद केली, भाव वाढवले, स्वतःच माल पाठवून सगळा नफा खिशात घालू लागले. तेव्हा कंपनीच्या एका संचालकानं १८२२ साली बर्टन गावच्या सॅम्युअल ऑलसॉप यांना गाठलं. रशियाची बाजारपेठ हातची गेल्यानं बर्टनवाले अडचणीतच होते. ऑलसॉपच्या माणसानं म्हणे पहिला नमुना चहाच्या किटलीत करून पाहिला. खरं असो-नसो, बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर आहे आणि त्या पाण्यात हॉप्सचा कडूपणा फार स्वच्छ उतरतो, हे मात्र खरं. ऑलसॉपच्या मागोमाग बास कंपनी आली आणि दोघांनी हॉजसनला मागे टाकलं. बासचा लाल त्रिकोण हे ब्रिटनमधलं नोंदणी क्रमांक एकचं व्यापारचिन्ह, १ जानेवारी १८७६ चं. आणि हॉजसननं शोध लावला ही दंतकथा? ती पसरली बर्टनच्याच इतिहासावर विल्यम मॉलिनो यांनी १८६९ साली लिहिलेल्या पुस्तकातून, म्हणजे सुरुवातीनंतर तब्बल शंभर वर्षांनी.

नावाचंही तसंच. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे शब्द आजवर सापडलेत त्यात सर्वांत जुने आहेत सिडनीच्या वर्तमानपत्रातल्या १८२९ सालच्या एका जाहिरातीत. म्हणजे हे नाव आपल्याला पहिल्यांदा भेटतं ते ना इंग्लंडात ना हिंदुस्थानात, तर ऑस्ट्रेलियात! हिंदुस्थानात राहून परतलेल्या अंमलदारांसाठी आणि त्यांचा थाट मिरवू पाहणाऱ्यांसाठी तो एक बिल्ला होता. पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. त्या बिअरमध्ये इंडिया कधीच नव्हता. आपण फक्त तिचा पत्ता होतो.

पुढची पडझड झपाट्यानं झाली. सुएझ कालवा, यंत्रावर तयार होणारा बर्फ, जर्मन पद्धतीची हलकी लागर, कसौलीसारख्या ठिकाणी निघालेले इथलेच कारखाने. पहिल्या महायुद्धात ब्रिटननं करांचा बोजा वाढवला आणि इंडिया पेल एल पाणचट होत होत नावापुरती उरली.

तिला पुन्हा उठवलं अमेरिकेनं, आणि तिथेही वाट सरळ नव्हती. १९२० ते १९३३ दारूबंदी. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी लहानांना गिळलं आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस अख्ख्या देशात शंभराच्याही आत ब्रुअऱ्या उरल्या. १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरच्या घरी बिअर बनवायला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली आणि हौशी मंडळी गॅरेजमध्ये कामाला लागली. त्यांच्या हाती नवा मसाला होता. १९७२ साली ओरेगनमध्ये सरकारी संशोधनातून ‘कॅस्केड’ ही हॉप्सची जात बाहेर आली होती. तिला द्राक्षफळासारखा, संत्र्याच्या फुलासारखा वास. इंग्लिश हॉप्सना मातीचा आणि वाळल्या गवताचा वास. इथून चव बदलली ती कायमची.

‘डबल’ची कथा तर मला फार आवडते. १९९४ साली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला गावी विनी सिलुर्झो नावाच्या तरुणानं ‘ब्लाइंड पिग’ ही छोटी ब्रुअरी काढली. यंत्रसामग्री जुनी, कामचलाऊ. पहिलीच बिअर बिघडली तर? म्हणून त्यानं हॉप्स दुप्पट केले आणि माल्ट तिसऱ्या हिश्शानं वाढवलं, की एखादा दोष राहिलाच तर तो त्याखाली झाकला जावा. हे त्यानं स्वतःच मोकळेपणानं सांगितलं आहे. आमटी बिघडेल या धास्तीनं नव्या सुनेनं मसाला दुप्पट घालावा आणि घराण्यात पुढे तीच आमटी रूढ व्हावी, तसं हे झालं.

रसाळपणा त्यानंतर दहा वर्षांनी आला, तो देशाच्या दुसऱ्या टोकाला. व्हरमाँटमधल्या वॉटरबरी गावात जॉन किमिक यांचा ‘द अल्केमिस्ट’ नावाचा पब होता. त्यांची ‘हेडी टॉपर’ ही डबल आयपीए गढूळच विकली जाई आणि लोक ती प्यायला लांबून येत. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाच्या पुरात तो पब उद्ध्वस्त झाला. त्याच सुमारास त्यांचा डबे भरायचा कारखाना तयार झाला होता, तो चालू झाला आणि गढूळ बिअर डब्यातून गावोगाव गेली. या बिअरचं यीस्ट किमिकना ग्रेग नूनन या गुरूकडून मिळालेलं. त्याचं मूळ इंग्लिश मानतात. म्हणजे एक धागा अजून तिकडचा आहे.

निघताना पुतण्यानं मला एक डबा दिला. तो मी आणला माझ्या एका मित्रासाठी. आम्ही एकाच कॉलेजात नोकरी केली, ते रसायनशास्त्र शिकवत. अमेरिकेतून फोनवर त्यांना त्या पेल्याचं वर्णन ऐकवलं होतं. पण आम्ही पुण्यात उतरलो त्याच आठवड्यात त्यांच्या छातीत दुखू लागलं आणि बायपास झाली. दवाखान्यात भेटायला गेलो तर नाकात नळी असताना म्हणाले, “मी घरी येईपर्यंत उघडू नकोस हं.” ते कितपत खरं होईल, याची त्या दिवशी डॉक्टरांनाही खात्री नव्हती. मी डबा ठेवून दिला. फ्रीजमध्ये जागा नव्हती, म्हणून पुस्तकांच्या कपाटात, गॅझेटियरच्या खंडांमागे. इतिहासाचा माणूस मी. जी बिअर आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला येत होती, तिला माझ्या कपाटात काय होणार?

मित्र सावरले. जूनमध्ये डॉक्टरांनी दोन घोटांची परवानगी दिली. रीतसर सांगायचं तर १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून लागू आहे आणि आम्हा दोघांकडेही आजीव परवाना आहे. डबा उघडला. रंग तपकिरी झाला होता. पेरू नाही, आंबा नाही. त्यांनी हुंगलं, एक घोट घेतला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “अरे, याला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात महिने त्यांनी या डब्याची वाट पाहिली होती.

ते मात्र पेला बाजूला सारून शिकवायलाच लागले. कडूपणासाठी हॉप्स तासभर उकळतात, त्यात सुगंधी तेलं उडून जातात. या नव्या बिअरमध्ये बहुतेक हॉप्स उकळी थांबल्यावर आणि पुढे आंबवताना घालतात, म्हणून तेलं टिकतात. त्यांवर यीस्ट काम करतं आणि एका सुगंधी रेणूचा दुसरा होतो. पेरूच्या, आंब्याच्या वासामागे गंधकाचे जे रेणू असतात, तसलेच हॉप्समध्येही सापडतात. ओट्समुळे अंग मऊ आणि गढूळ. “पण हे सगळं किती नाजूक! थोडा ऑक्सिजन आणि पुण्याचा एप्रिल-मे, संपलं. तुझ्या हॉजसनची बिअर मुरण्यासाठी केलेली होती. ही ताजी पिण्यासाठी आहे, भाजीसारखी. नाव तेच ठेवलंय म्हणून तू फसलास.” समुद्रप्रवासानं नाव कमावलेल्या बिअरची नात चार आठवडे कपाटात राहू शकत नाही, हे मला पुस्तकांनी नाही, त्या तपकिरी पेल्यानं शिकवलं.

पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअऱ्या सुरू झाल्या आहेत. जुलैमध्ये पाऊस जरा उघडला तेव्हा त्यांना घेऊन अशा एका ठिकाणी गेलो. आजूबाजूला सगळी नातवांच्या वयाची मुलं. फळ्यावर खडूनं डबल आयपीए लिहिलेलं होतं. पेला आला, गढूळ, केशरी. मित्रांनी तो बराच वेळ नाकाशी धरला, डोळे मिटून. मग वाढणाऱ्या पोराला विचारलं, “हॉप्स कुठले रे?” तो म्हणाला, “अमेरिकेचे सर. गोळ्या करून, हवा काढलेल्या पाकिटांतून येतात, थंडीत ठेवून.”

“आणि ही बिअर किती लांबून आली?”

पोरगा गोंधळला. मग त्यानं काचेपलीकडच्या स्टीलच्या टाक्यांकडे बोट केलं. “ती काय सर, तिथून. पंधरा पावलं असेल.”

मित्रांनी पहिला घोट घेतला. दुसऱ्यासाठी पेला उचलताना माझ्याकडे बघून म्हणाले, “आंबा आहे. तू म्हणाला होतास तो. देठाजवळचा.”